कळलावी परसात लावताना: कंद, पाणी आणि कोरडी झोप

खानापूरहून जांबोटी-कणकुंबीकडे जाताना भाद्रपदात कुंपणांवर, काजूच्या बागांच्या कडेला लाल-पिवळी कळलावी चढलेली दिसते. तिथे तिला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. तीच वेल कंद आणून परसात लावली की पहिल्या वर्षी फुलते आणि दुसऱ्या पावसाळ्यात उगवतच नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: परसात तिला उन्हाळाभर पाणी मिळतं. कळलावी डिसेंबरपासून मेपर्यंत जमिनीखाली नुसता कंद होऊन पडून असते. त्या काळात पाने नाहीत, मुळं काम करत नाहीत, त्यामुळे मातीतली ओल तिला वापरता येत नाही आणि कंद कुजतो. शेजारी जास्वंद किंवा अळू असेल, त्यांना रोज पाणी घातलं जात असेल, तर त्याच वाफ्यात कळलावी टिकणार नाही. हे एक सांभाळलं की बाकी वेल चिवट आहे, आणि बेळगाव भागाचा पाऊस तिला मानवणारा आहे.

विषाचं आधी

वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बी सर्वांत जास्त. त्यात कोल्चिसीन असतं. हेच द्रव्य अगदी बारीक मात्रेत गाउटच्या (सांधे सुजून दुखण्याच्या एका विकाराच्या) औषधात वापरतात, आणि त्यासाठीच तमिळनाडूत दिंडीगुल, करूर भागात कळलावीची बियांसाठी शेती होते. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. घरगुती औषध म्हणून ही वेल अजिबात वापरायची नाही. बाळंतपणात कंद उगाळून लावायची जुनी रीत काही घरांत अजून ऐकू येते. ती जिवावर बेतणारी आहे.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत रताळ्याचं पीक मोठं, घरोघरी पडवीत रताळी पडलेली असतात. माती लागलेला कळलावीचा कंद आणि बारीक, लांबट रताळं एका नजरेत वेगळं ओळखू येत नाही. कंद रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ल्यामुळे माणसं दगावल्याची उदाहरणं भारतात आणि श्रीलंकेत नोंदलेली आहेत. म्हणून कळलावीचे कंद स्वयंपाकघरात, पडवीत, रताळ्या-बटाट्यांच्या जवळपास कधीही ठेवू नयेत. वेगळ्या खोक्यात, उंचावर, वर ‘विष’ असं मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत लिहून ठेवावं. घरात कामाला येणाऱ्या माणसांपैकी अनेकांना एकच लिपी वाचता येते.

खाल्ल्यावर पहिले काही तास काहीच होत नाही, म्हणून लोक ‘बघू’ म्हणून थांबतात. मग घशात जळजळ, उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात, पुढे मूत्रपिंड आणि हृदयावर परिणाम होतो. कोणी चुकून कंद किंवा बी चावलं, तर लक्षणांची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. उरलेला कंद पिशवीत घालून सोबत घ्यायचा, म्हणजे डॉक्टरांना शोधाशोध करावी लागत नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नये.

कंद हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. कापायची सुरी वेगळी ठेवावी. वाळलेला वेल गुरांच्या वैरणीत किंवा शेळ्यांपुढे जाऊ देऊ नये. ओला वेल जनावरं सहसा टाळतात, पण कडब्यात मिसळलेली वाळकी काडी त्यांना वेगळी काढता येत नाही. घरात दोन-तीन वर्षांचं, सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर ही लागवड चार वर्षं पुढे ढकललेली बरी.

कंद कुठून आणायचा आणि कसा बघायचा

जंगलातून खणून आणू नये. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर कोणतीही वनस्पती काढणं कायद्यानं गुन्हा आहे. हद्दीबाहेरही औषधी व्यापारासाठी कंद खणून नेल्यामुळे बऱ्याच कुंपणांवरची वेल नाहीशी झाली आहे. शिवाय रानातला कंद खोल गेलेला असतो, खणताना त्याचं टोक मोडतंच, म्हणजे तो नेऊनही उपयोग नाही. नर्सरीत किंवा ज्यांच्या परसात आधीपासून वेल आहे त्यांच्याकडून घ्यावा. कन्नड बोलणाऱ्या नर्सरीवाल्याकडे ‘अग्निशिखे’ किंवा ‘गौरी हूवु’ म्हटलं की कळतं. काही ठिकाणी ‘रॉथ्सचाइल्डियाना’ नावाचा मोठ्या, गडद लाल फुलांचा प्रकार मिळतो, आणि क्वचित ‘लुटिया’ हा निव्वळ पिवळा. दिसायला ते सुंदर आहेत, पण पहिल्यांदा लावणाऱ्यानं आपल्या हवेत वाढलेल्या साध्या कळलावीपासूनच सुरुवात करावी.

कंद घेण्याची वेळ म्हणजे जानेवारी ते मे, तो झोपेत असताना. पानांसकट कुंडीत विकायला ठेवलेली वेल जुलैत आणली तर ती बदलताना हमखास दुखावते. घेतलीच तर त्या वर्षी त्याच कुंडीत ठेवावी.

कंद दोन फाट्यांचा असतो, इंग्रजी व्ही किंवा एलच्या आकाराचा, तपकिरी सालीचा. प्रत्येक फाट्याच्या निमुळत्या टोकाला एक डोळा असतो आणि कोंब फक्त तिथूनच फुटतो. बटाट्यासारखे ठिकठिकाणी डोळे नसतात. टोक मोडलं, सोललं गेलं किंवा काळं पडलं की तो फाटा कितीही जाडजूड असला तरी उगवणार नाही. म्हणून विकत घेताना आधी टोक बघायचं, मग बाकीचा कंद. टोक फिकट आणि घट्ट हवं. मग कंद दाबून बघायचा: कडक असला पाहिजे. बोटाखाली मऊ लागणारा, आंबूस वास येणारा, सालीवर पांढरी बुरशी असलेला कंद स्वस्तात मिळाला तरी नको. थोडा सुरकुतलेला चालतो.

वजन महत्त्वाचं आहे. ५० ते ६० ग्रॅमचा फाटा त्याच वर्षी चांगला फुलतो. २०-३० ग्रॅमचा उगवतो, पण एक-दोन फुलं देतो किंवा नुसतीच पानं. तीन लहान कंदांच्या पैशांत एक मोठा मिळत असेल तर तो मोठा घ्यावा.

जोडकंद वेगळा करायचा असेल तर जिथे दोन फाटे मिळतात तिथेच, स्वच्छ सुरीनं एका झटक्यात कापायचा. कापलेल्या भागाला कोळशाची पूड किंवा चाळलेली राख लावून सावलीत तीन दिवस वाळवायचा. ओली जखम मातीत गेली की कूज तिथूनच सुरू होते.

जागा

कळलावीला मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन आवडतं. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली मिळेल अशी पूर्वेकडची बाजू सर्वांत चांगली. निर्गुडी, मेंदी, कोरांटी यांचं कुंपण असेल तर त्याच्या पायथ्याशी लावली की आधार आणि सावली दोन्ही मिळतात. पूर्ण सावलीत वेल लांब, बारीक होते आणि फुलत नाही.

कौलारू घराच्या पागोळीखाली कधीही लावू नये. जुलैत कौलावरून पडणारी धार माती खणून काढते, कंद उघडा पडतो, आणि तिथे पाणी दिवसचे दिवस साचतं. पागोळीपासून किमान तीन फूट दूर.

निचरा तपासायला एक फूट खोल खड्डा खणायचा, पाण्यानं भरायचा, ते जिरू द्यायचं आणि पुन्हा भरायचं. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन तासांत उतरलं नाही तर त्या जागी जमिनीत सरळ लावू नये. उंच वाफा करावा किंवा कुंडी वापरावी.

आपल्याकडे माती आणि पाऊस तालुक्यागणिक बदलतात, त्यामुळे एकच पद्धत सगळीकडे चालत नाही. खानापूरच्या पश्चिम भागात जांभ्याची तांबडी माती आहे. ती पाणी पटकन सोडते, पण पाऊसच इतका कोसळतो की सपाट वाफ्यातली माती आणि खत दोन्ही वाहून जातं. तिथे उताराला आडवा, एक ते दीड फूट उंच वाफा करून कडेला जांभ्याचे चिरे किंवा दगड लावावेत. बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांत मिश्र माती आहे. भाताच्या शिवारालगतची जमीन जुलै-ऑगस्टमध्ये चिबड होते, तिथे एक फुटाचा वाफा लागतोच. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडच्या काळ्या जमिनीत कंद सरळ लावणं म्हणजे तो गमावणं. काळी माती फुगते, पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की कंदाचं टोक ओढलं जाऊन तुटतं. तिथे वाफ्यासाठी बाहेरून तांबडी माती आणावी. ते खर्चिक वाटलं तर कुंडी हाच मार्ग.

वाफ्याचं मिश्रण असं: तांबडी माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम एक भाग. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट उंच वाफ्याला, बुट्टी १५ लिटरची धरली तर, ३५ ते ४० बुट्ट्या मिश्रण लागतं. शेणखत हातात घेतल्यावर वास येत असेल किंवा गरम लागत असेल तर ते तयार झालेलं नाही. ताजं शेण, कच्चं लेंडीखत कंदाजवळ गेलं की बुरशी धरते. गिलाव्याची मऊ वाळू वापरू नये. ती मातीला घट्ट बसवते. चाळणीवर उरलेले खडे चांगले.

लागवडीची वेळ

मेच्या मध्यावर साठवलेले कंद बाहेर काढून बघायचे. वळीव पडून हवेत ओल आली की डोळा आपोआप फुगायला लागतो. तो फुगून साधारण एक सेंटिमीटरचा झाला की कंद लावायचा. त्याआधी लावून काही मिळत नाही, उलट वळवाच्या एका सरीनं जागा झालेला कोंब पुढच्या पंधरा दिवसांच्या कोरड्यात जळतो.

खानापूर भागात मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणीतच लावून घ्यावी. आर्द्रा नक्षत्राचा मुसळधार सुरू होण्याआधी कोंब हातभर वर आलेला हवा. बेळगाव, हुक्केरी, संकेश्वरकडे मृग लागल्यावर, ७ ते २० जून. अथणी-रायबागकडे मृगाच्या पहिल्या सरीवर भरवसा ठेवू नये, जमीन वीतभर भिजल्यावरच लावावी, मग जूनअखेर झाली तरी चालेल.

गौरीला फुलं हवी असतील तर उलटं मोजायचं. कोंब वर आल्यापासून फुलायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. भाद्रपदाच्या आधी अधिक मास आलेल्या वर्षी गौरी सप्टेंबरच्या मध्यावर येतात, एरवी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला. सगळे कंद एकाच दिवशी न लावता अर्धे आधी आणि अर्धे पंधरा दिवसांनी लावले की फुलं हुकत नाहीत.

लावायची पद्धत

लावण्याच्या आदल्या दिवशी कंदांवर प्रक्रिया करायची. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून त्यात कंद अर्धा तास बुडवायचे, मग सावलीत निथळून घ्यायचे. रसायन नको असेल तर लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्माची (रोगट बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची) पूड, तितकाच वेळ. दोन्ही एकत्र वापरू नये, कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारतं.

आधार आधी उभा करायचा, कंद नंतर. हा क्रम उलटा झाला की काठी ठोकताना नेमका कंद फुटतो.

कुंपणाच्या रेषेत दीड-दीड फुटावर खुरप्यानं चर काढायचा. दहा फुटांत सात कंद बसतात. दोन ओळी लावायच्या असतील तर ओळींत दोन फूट अंतर. चराची खोली अशी की कंदावर चार बोटं, म्हणजे ६ ते ८ सेंटिमीटर माती येईल. तळाशी मूठभर वाळू पसरायची, त्यावर कंद आडवा ठेवायचा, टोक किंचित वर आणि आधाराच्या दिशेला. उभा खोचायचा नाही. वर मिश्रण भुरभुरत टाकायचं, पायानं किंवा थापीनं दाबायचं नाही. वर दोन बोटं भाताचं तूस किंवा उसाचं पाचट पसरावं. जोराच्या पावसात माती उडत नाही आणि मूळ गार राहतं. प्रत्येक कंदाशेजारी एक खूण रोवायची, कारण कोंब वर यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर रिकामी जागा समजून कोणीतरी तिथे मिरचीचं रोप लावतं.

लावल्यावर एकदा पाणी. मग पाऊस पडेपर्यंत माती फक्त दमट ठेवायची. कोंब दिसण्याआधी भरपूर पाणी घालणं ही लागवडीनंतरची सर्वांत मोठी चूक आहे.

आधार कसा हवा

कळलावीला वेगळे ताणे नसतात. पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि हाताला लागेल ते धरतं. ते टोक लहान असतं, पेन्सिलीपेक्षा जाड वस्तूला त्याचा वेढा बसत नाही. त्यामुळे जाड बांबू किंवा लोखंडी पाइप उभा करून वेल वर जाईल अशी वाट बघणं व्यर्थ. कळकाच्या दोन खांबांमध्ये सुतळीचं जाळं विणावं, किंवा निर्गुडीच्या, तुरीच्या वाळक्या फांद्या काटक्यांसकट रोवाव्यात. तुऱ्हाट्या तर यासाठी उत्तम. कोंबडीच्या खुराड्याची बारीक तारेची जाळीही चालते, फक्त ती दुपारच्या उन्हात तापणाऱ्या पश्चिम बाजूला नसावी.

उंची सहा फूट ठेवावी. वेल पाच ते आठ फूट जाते. जास्त झाली तर वरून खाली लोंबते आणि ते छानच दिसतं.

कोवळा कोंब अतिशय ठिसूळ असतो. शेंडा मोडला की त्या वर्षीची बहुतेक फुलं गेली. म्हणून कोंब हातानं ओढून आधाराला बांधू नये; एक काटकी कोंबाजवळ तिरकी रोवून त्याला वाट दाखवावी. जुलैतल्या वाऱ्याला तोंड असलेली जागा असेल तर पश्चिमेला पोत्याचं किंवा हिरव्या जाळीचं आडोसं हवंच.

पाणी आणि खत

पावसाळ्यात पाणी घालायचं नाही, फक्त साचू द्यायचं नाही. ऑगस्टमध्ये उघडीप पडली आणि वाफ्याची माती दोन बोटं खोल कोरडी लागली, तर सकाळी मुळाशी पाणी द्यावं. कळ्या असताना वेल कोरडी पडली की कळ्या पिवळ्या होऊन गळतात.

कोंब फूटभर झाल्यावर प्रत्येक वेलीला दोन मुठी गांडूळखत, बुंध्यापासून चार बोटं लांब, गोल पसरून. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी शेणाची पातळ, गाळलेली निवळी, किंवा लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात). पहिल्या कळ्या दिसल्या की नत्र बंद करायचं आणि वेलीला मूठभर लाकडाची राख द्यायची. युरिया अजिबात नको. त्यानं पानं मोठी, रसरशीत होतात, फुलं कमी येतात, आणि तयार होणारा कंद पाणचट होऊन साठवणीत कुजतो. ऊसवाल्यांच्या घरी युरियाचं पोतं हाताशी असतं, तिथे हे विशेष सांभाळावं.

फुलं

कळी हिरवट, खाली मान घातलेली असते. उमलली की सहा पाकळ्या मागे उलटतात, कडा नागमोडी, खाली पिवळा आणि टोकाला लाल. मग साधारण आठवडाभरात पिवळा मागे हटत जाऊन सगळं फूल गडद लाल होतं. त्यामुळे एका वेलीवर एकाच वेळी हिरवट, पिवळी, केशरी आणि लाल अशी सगळी फुलं असतात. हा रंगबदल पाहण्यासाठी वेल घराच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर लावावी, मागच्या कोपऱ्यात नाही.

गौरीसाठी तोडायची तर अर्धी पिवळी असताना, सकाळी, फुलाच्या लांब देठासकट. वेलीचा शेंडा कापू नये. खालची पानं जितकी राहतील तितका कंद मोठा होतो. पूजेनंतरचं निर्माल्य शेळ्या-गाई पोहोचतील अशा ठिकाणी टाकू नये.

बी नको असेल तर सुकलेली फुलं लगेच काढावीत. शेंग धरली की वेलीचं बळ तिकडे जातं, आणि शेंग फुटल्यावर दिसणारं लालभडक बी मुलांना हमखास खुणावतं.

काय बिघडतं

कोंबच आला नाही. चार आठवड्यांनंतर बाजूनं हळूच माती सारून बघा. कंद कडक आणि टोक शाबूत असेल तर झाकून ठेवा, काही कंद जुलैपर्यंत झोपतात. टोक मोडलेलं असेल तर त्याची आशा सोडा. मऊ झाला असेल तर आजूबाजूच्या मातीसकट काढून फेका, आणि त्या जागी त्या वर्षी पुन्हा कंद लावू नका.

हातभर वाढलेली वेल एकाएकी कोमेजून आडवी झाली, बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती बुंध्याची कूज आहे. दमट, उष्ण हवेत, कच्च्या शेणखतावर ही बुरशी वाढते आणि ते दाणे मातीत वर्षानुवर्षे टिकतात. वेल वाचत नाही. ती उपटून जाळावी, तिथली घमेलंभर माती काढावी, शेजारच्या वेलींभोवतीचं आच्छादन बाजूला करून माती उघडी पडू द्यावी आणि ट्रायकोडर्माचं पाणी ओतावं. भुईमूग, टोमॅटो, मिरचीलाही हाच रोग येतो, म्हणून ती पिकं काढलेल्या वाफ्यात कळलावी लावू नये.

पानांवर तपकिरी ठिपके पडून ते वाढत जातात, पानं करपतात. सततच्या झडीत, दाट लागवडीत हे होतं. खालची करपलेली पानं काढून हवा खेळती करावी. मग उघडीप बघून लिटरला दोन ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक किंवा एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारावं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. मात्र पानांच्या टोकालाच करपल्यासारखं झालं, तेही कोरड्या वाऱ्यात, तर तो रोग नाही; टोकाला धरायला आधार न मिळाल्यामुळे ते वाळलेलं असतं.

अळी ही खरी शत्रू. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके असलेली जाड अळी लिली आणि कळलावी यांच्यावर येते आणि दोन रात्रींत वेल निष्पर्ण करते. तिला या वेलीचं विष बाधत नाही. सुरुवातीला पानाच्या खालच्या बाजूला लहान अळ्या घोळक्यानं असतात; तेव्हाच ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं तर पुढचं सगळं टळतं. जुलैच्या मध्यापासून दर दोन दिवसांनी पानं उलटून बघावीत. जास्त झाल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, एकूण एक लिटर पाणी करून संध्याकाळी फवारायचा. पाऊस पडला की पुन्हा फवारावा लागतो.

नुसती पानं, फुलं नाहीत: कंद लहान, सावली जास्त, किंवा नत्र जास्त. या तिन्हींपैकी काय ते वेलीकडे बघून कळतं. बारीक खोड म्हणजे कंद लहान. लांब पेरं म्हणजे सावली. मोठी, काळपट हिरवी पानं म्हणजे नत्र.

झोपेचे सहा महिने

ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडू लागतात. जुना कंद एव्हाना आकसून संपलेला असतो आणि त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो. म्हणजे आपण दर वर्षी नवाच कंद सांभाळत असतो, आणि तो किती मोठा होणार ते शेवटच्या महिन्यातली पानं ठरवतात. पाऊस लवकर थांबला आणि वेल अजून हिरवी असेल तर चार-पाच दिवसांनी एकदा पाणी द्यावं. निम्मी पानं पिवळी झाली की पाणी पूर्ण बंद.

बेळगाव भागात नेमकं इथेच घात होतो. हस्त-चित्राचा परतीचा पाऊस पिवळ्या पडलेल्या वेलीवर पडतो, माती पुन्हा भिजते, आणि तयार झालेला कंद पंधरा दिवसांत कुजतो. वाफ्यावर तेवढ्यापुरता प्लॅस्टिकचा उतरता कागद घालावा, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा. पाणी वाफ्याबाहेर पडेल याची खात्री करावी.

वेल पूर्ण वाळल्यावर दोन-तीन आठवडे थांबून, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात कंद काढायचे. खोडाचा वाळका तुकडा वीतभर ठेवावा, जागा ओळखायला. कुदळ बुंध्यापासून एक फूट दूर मारायची आणि आतल्या बाजूला हातानं माती सारत यायचं. नवे कंद लावलेल्या जागेपेक्षा खाली आणि बाजूला सरकलेले असतात. फाटा धरून ओढला की टोक जमिनीत राहतं.

धुवायचे नाहीत. माती वाळू द्यायची, हातानं झटकायची, सावलीत आठवडाभर पसरायचे. मग लाकडी खोक्यात किंवा बांबूच्या टोपलीत कोरडी वाळू अथवा भाताच्या तुसाचा थर, त्यावर कंद एकमेकांना न चिकटवता, पुन्हा थर. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवू नये, आतच घाम धरतो. माळ्यावर ठेवणार असाल तर पत्र्याच्या छपराखालची जागा टाळावी. एप्रिलमध्ये तिथे कंद भाजून निघतात. महिन्यातून एकदा उघडून मऊ पडलेला कंद काढून टाकायचा. डोळा मार्चमध्येच फुगला तर त्याला पाणी दाखवू नये, अधिक गार आणि अंधाऱ्या जागी हलवावा.

जांभ्याच्या उतारावर, वरून छप्पर किंवा दाट झाडाची सावली असेल, उन्हाळ्यात जवळपास पाणी घातलं जात नसेल, तर कंद न काढताही चालतात. सपाट परसात, घराजवळ, दर वर्षी काढणंच सुरक्षित.

कुंडीत

१२ ते १४ इंच तोंडाची आणि तितकीच खोल मातीची कुंडी, एक कंद. १८ इंचीत तीन. तळाला खापऱ्यांचा थर, मिश्रण वाफ्याचंच, पण वाळू थोडी वाढवून. कुंडीखाली ताटली ठेवू नये. हिचा मोठा फायदा झोपेच्या काळात आहे: वेल वाळली की कुंडी तशीच रताळ्या-बटाट्यांपासून दूर, कोरड्या जागी आडवी करून ठेवायची, मेपर्यंत हात लावायचा नाही, आणि मग माती बदलून पुन्हा लावायची. पहिल्यांदा करणाऱ्यानं, जमीन कितीही चांगली असली तरी, निम्मे कंद कुंडीत लावावेत.

बियांपासून

कंद विकत न घेता वेल वाढवायची असेल तर बी धरावं लागतं, आणि ते आपोआप कमीच धरतं. फुलातली स्त्रीकेसराची दांडी काटकोनात बाहेर वळलेली असते, परागकोशांपासून दूर. सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान एका वेलीच्या फुलातला पराग बारीक ब्रशनं दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या दांडीच्या टोकाला लावायचा. स्वतःच्याच परागापेक्षा दुसऱ्या वेलीच्या परागानं बी जास्त धरतं, म्हणून निदान दोन वेगळ्या ठिकाणचे कंद असावेत. शेंग तयार व्हायला तीन महिन्यांच्या वर लागतात. साल आकसून पिवळसर झाली की ती फुटायच्या आत तोडून सावलीत कागदावर वाळवायची.

ताजं बी लगेच उगवत नाही, त्यालाही झोप असते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, हातमोजे घालून, लाल साल चोळून काढून, खोल ट्रेमध्ये अर्धा इंच खाली पेरावं. उगवण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत रेंगाळते, त्यामुळे ट्रे रिकामा दिसला म्हणून टाकून देऊ नये. पहिल्या वर्षी वीतभर रोप आणि वाटाण्याएवढा कंद होतो. हे बारीक कंद दोन वर्षं ट्रेमधून काढू नयेत; हिवाळा-उन्हाळ्यात ट्रेच कोरडा ठेवावा. फूल तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी, फाटा ५० ग्रॅमच्या आसपास पोहोचला की. त्याच वर्षी त्यांना वाफ्यात हलवावं, मृगाच्या आधी.